पन्हाळ्याच्या माळावर आर्निका येईल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पन्हाळ्याच्या पायथ्याला दोन एकर वडिलार्जित माळ आहे. तांबडी जमीन, ऊस होत नाही, नाचणी-भुईमुगावर भागतं. एका कंपनीचा माणूस येऊन सांगून गेलाय की तिथं आर्निका लावा. रोप बारा रुपयाला, एकरी चाळीस हजार रोपं, आणि वाळलेलं फूल आम्हीच तीन हजार रुपये किलोनं उचलू, स्टँप पेपरवर लिहून देतो. विचारणारे तालमीत जाणारे आहेत, घरात मुक्क्या मारावरच्या होमिओपॅथीच्या आर्निका गोळ्यांची बाटली कायमची, त्यामुळं नाव ओळखीचं वाटलं. शेवटी त्यांनी विचारलंय, "महाबळेश्वरात स्ट्रॉबेरी येते, आता सफरचंद पण यायला लागलंय, मग हे का नाही?"

भाऊ, पैसे देऊ नका. उत्तर एवढंच आहे. पण नुसतं 'नको' म्हटलं की माणसाला वाटतं, हा म्हातारा नवीन काही करू देत नाही. म्हणून सविस्तर लिहितो. करवीर तालुक्यात २७ वर्षं औषधी वनस्पतींची रोपवाटिका चालवतोय, आणि हे झाड मी स्वतः लावून, मारून बघितलेलं आहे.

आधी झाडाची ओळख, कारण तुम्हाला मोबाइलवर दाखवलेला फोटो तुम्ही मला पाठवला आहे आणि तो आर्निकाचा नाही. ती आपली सोनकी आहे. गणपती-दसऱ्याच्या दरम्यान मसाई पठारावर, कासला, आंबा घाटात पिवळा गालिचा पसरतो ना, तीच. दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातल्या, दोन्ही पिवळ्या, त्यामुळं फसायला होतं. खरी आर्निका, म्हणजे औषधात जाणारी आर्निका मोंटाना, ओळखायला सोपी आहे. जमिनीला चिकटून, थाळी पालथी घातल्यासारखा पानांचा गोल घेर असतो. त्यातून वीतभर ते दोन फूट उंचीचा एक केसाळ दांडा वर येतो. दांड्यावर पानांच्या एक-दोन जोड्या, अगदी समोरासमोर. सोनकीची पानं समोरासमोर नसतात, एकाआड एक असतात. आर्निकाच्या टोकाला एकच मोठं फूल, कधी तीन, रंग पिवळा पण नारंगीकडं झुकलेला, आणि पाकळ्या जरा विस्कटलेल्या, न विंचरलेल्या केसांसारख्या. प्रत्येक पाकळीच्या टोकाला तीन बारीक दात. जमिनीखाली सुगंधी कंद-मूळ असतं. वरचं सगळं हिवाळ्यात मरतं आणि त्या कंदातून झाड दरवर्षी परत उठतं.

इंग्रजीत हिला डोंगरी तंबाखू असंही एक नाव आहे, कारण युरोपातले लोक हिची पानं ओढायचे. हे कळलं तेव्हा मला निपाणी आठवली आणि हसू आलं. निपाणीची तंबाखू एक वेळ पन्हाळ्यावर येईल, ही नाही येणार.

हिचं माहेर स्पेन-पोर्तुगालपासून आल्प्स, कार्पेथियन डोंगरांतून वर बाल्टिक किनारा आणि दक्षिण स्वीडन-नॉर्वेपर्यंत. दक्षिणेकडं ती उंच डोंगरावर राहते, उत्तरेकडं सपाटीवरही उतरते. म्हणजे तिला उंचीचं वेड नाही, गारव्याचं आहे. चार-पाच महिने बर्फाखाली किंवा बर्फाच्या आसपासच्या थंडीत झोपायचं, मे-जूनला उठायचं, जून-जुलैत फुलायचं, असा तिचा वर्षाचा हिशेब.

ही थंडी ती नुसती सोसत नाही, तिला ती लागतेच. आपल्याकडं कांद्याला डेंगळे येतात ते आठवा. लहानपणी थंडी खाल्लेला कांदा पुढं फुलाचा दांडा काढतो. आपण त्याला वैतागतो, कारण आपल्याला कांदा हवा असतो, फूल नाही. आर्निकाचं अगदी तसंच आहे, फक्त इथं आपल्याला तो डेंगळाच हवा आहे. पहिल्या वर्षी ती फक्त पानांचा घेर करते. मग लांबलचक गार हिवाळा जातो आणि दुसऱ्या वर्षी दांडा येतो. कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री सरासरी चौदा-पंधरा अंशांच्या आसपास असतात. कधी दहाच्या खाली पारा गेला की आपण पेपरात वाचतो आणि कानाला मफलर गुंडाळतो. पन्हाळा हजार मीटरच्या आतच आहे, तुमची जमीन त्याच्याही खाली. आपल्याला ती हुडहुडी वाटते, आर्निकाला तो चैत्र वाटतो.

आता स्ट्रॉबेरी आणि सफरचंद. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीची मातृरोपं परदेशातून आणली जातात आणि मग इथल्या हिवाळ्यात तिच्याकडून एका हंगामाचं फळ काढून घेतात. त्या पिकामागं महाबळेश्वरचे १३५० मीटर आणि कितीतरी वर्षांची जाती-निवड आहे. सफरचंदाचं तसंच. कमी थंडीवर फळणाऱ्या जाती लोकांनी मुद्दाम निवडून काढल्या, म्हणून ती सपाटीवर दिसायला लागली (फळ कसं लागतं, टिकतं का, तो वेगळा विषय आहे, त्यात मला ओढू नका). आर्निकात शेतीसाठी निवडलेली जात आहे. जर्मनीत 'आर्बो' नावाची जात काढली गेली, पण ती तिथल्याच हिवाळ्यासाठी. तुमच्या एजंटाला विचारा, रोपं कुठल्या जातीची? मी पैजेवर सांगतो, तो 'ओरिजनल' म्हणेल.

थंडीपेक्षा मला जास्त सांगायचंय ते जमिनीबद्दल, कारण तिथं एजंट अर्धं खरं बोललाय आणि अर्धं खरं जास्त घातक असतं. तो म्हणाला, "हलक्या जमिनीत येतं, खत लागत नाही." पहिलं बरोबर आहे. आर्निका आम्लधर्मी, निकस कुरणात राहते. चुन्याची जमीन तिला चालत नाही. पंचगंगेच्या काठच्या काळ्या रानात, जिथं सामू (पीएच) सात-साडेसातच्या वर असतो आणि मातीत चुनखडीचे खडे सापडतात, तिथं ती महिन्याभरात पिवळी पडेल. तुमच्या माळाची जांभ्याची तांबडी माती, सामू साडेपाच-सहाच्या घरात, कागदावर तिला अगदी योग्य आहे. म्हणून ऐकणाऱ्याला पटतं.

पण 'खत लागत नाही' हे वाक्य चुकीचं आहे. खत तिला मारतं, असं म्हणायला हवं. युरोपात ही वनस्पती गेल्या शंभर वर्षांत जागोजाग नाहीशी झाली, तिची मुख्य कारणं दोन. एक, शेतकऱ्यांनी डोंगरी कुरणं सुपीक करायला चुना आणि खत टाकलं. खत पडलं की दांडगं गवत उसळतं आणि जमिनीला चिकटलेला हा घेर त्याच्या सावलीत गुदमरून जातो. दुसरं कारण बरोबर उलटं. जिथं लोकांनी डोंगर सोडले, गुरं चरायची थांबली, गवत कापायचं थांबलं, तिथं झुडपं वाढली आणि ही परत गुदमरली. म्हणजे हिला माणूस हवा, विळा हवा, गाय हवी, फक्त शेणाची पाटी नको. युरोपीय संघानं १९९२ च्या अधिवास निर्देशात तिला अशा वनस्पतींच्या यादीत घातलं, ज्यांच्या वेचणीवर सरकारला बंधन घालता येतं. फ्रान्सच्या वोज डोंगरात मार्कस्टाइन भागात मोठ्या प्रमाणात वेचणी होत आली आहे. तिथं गावं, शेतकरी आणि औषधवाले मिळून ठरवून घेतात की त्या कुरणात खत-चुना टाकायचा नाही आणि गवत उशिरा कापायचं. रोमानियाच्या अपुसेनी डोंगरातही ती गवताच्या कुरणांतूनच वेचतात. बाजारात येणारी बरीचशी आर्निका आजही अशा रानटी कुरणांतूनच वेचून येते. तिच्याच देशात, तिच्याच हवेत शेती करणं जमवायला लोकांना घाम फुटलाय, हे लक्षात घ्या.

आता मला सांगा, तुम्ही-आम्ही कोल्हापूरचे. ऊस बघत वाढलेली माणसं. रोप मलूल दिसलं की हात आपोआप युरियाच्या पोत्याकडं जातो. नाहीतर शेजारचा येऊन सांगतो, "दोन पाट्या शेणखत टाक की." हिच्याबाबतीत तो हात बांधून ठेवावा लागेल, आणि तो बांधला जात नाही. मला ठाऊक आहे, कारण माझा नाही बांधला गेला.

तो किस्सा सांगतो. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका बियाणे आयातदाराकडून दोनशे बिया आणल्या. (कुणी परदेशातल्या नातेवाइकाकडून पाकिटातून मागवायच्या विचारात असेल तर थांबा. २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार आयात परवाना आणि त्या देशाचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं.) आर्निकाचं बी जास्त दिवस टिकत नाही, ताजं असेल तरच उगवतं, त्यामुळं पहिली लढाई तिथंच. नोव्हेंबरात ट्रेमध्ये टाकलं, वाळू आणि आंबा घाटाकडची जांभ्याची माती मिसळून, वर पातळ कापड. साठ-पासष्ट उगवली. मला आभाळ ठेंगणं झालं. फेब्रुवारीपर्यंत रुपयाच्या नाण्याएवढे घेर तयार झाले.

निम्मी रोपवाटिकेत शेडनेटखाली ठेवली, निम्मी आंबा घाटाच्या अलीकडं एका मित्राच्या रानात, उत्तर उताराला लावली. रोपवाटिकेतली मार्चपासून एकेक करून गेली. दिवसा पाणी दिलं तरी दुपारी मान टाकायची, रात्री उठायची, आणि एक दिवस रात्रीही उठेनाशी झाली. एप्रिलअखेर, पारा अडतीसवर गेला तेव्हा, तिथं एकही उरलं नव्हतं. त्यातल्या आठ-दहांना मीच घाबरून गांडूळखताचं पाणी घातलं होतं. ती सगळ्यात आधी गेली.

मित्राच्या रानातली उन्हाळा काढून वाचली. वळवाच्या पावसात तर टवटवीत झाली, मी फोटो काढून चार लोकांना दाखवले. मग मृग लागला. आपल्या पश्चिमेच्या पट्ट्यातला पाऊस तुम्हाला माहीत आहे. कोल्हापूर शहरात हजार मिलिमीटर म्हणजे बरा पाऊस, आणि गगनबावड्याला पाच हजाराच्या वर. युरोपात तिला पाऊस-बर्फ मिळतो, पण असा तीन महिने नळ सोडल्यासारखा नाही, आणि पंचवीस अंशांच्या दमट उबेत तर नाहीच. जमिनीला चिकटलेला केसाळ घेर, त्यात पाणी साठायचं. ऑगस्टपर्यंत मधोमध काळा पडून कुजायला लागला. सात रोपं तेवढी दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत टिकली. मी रोज फोन करून विचारायचो, "दांडा आला का?" मित्र वैतागून म्हणाला, "आला की आहेर घेऊन येतो." दांडा आलाच नाही. पानंच फुटत राहिली, आणि दुसऱ्या पावसात तीही संपली. दोनशे बियांतून एक फूल नाही.

आणि समजा, चमत्कार होऊन फूल आलं असतं. फुलायचा तिचा काळ जून-जुलै. गगनबावडा-शाहूवाडीच्या पट्ट्यात जुलैत रुमाल वाळत नाही, फूल कुठून वाळायचं? आर्निकाचं फूल वेचल्यावर लगेच, भरपूर हवेत, हलक्या उष्णतेवर वाळवावं लागतं. सावकाश वाळलं तर फुलाची म्हातारी होऊन उडते, ओलं राहिलं तर बुरशी. ताज्या फुलाचा साधारण पाचवा हिस्सा वजन वाळल्यावर हाती लागतं. तिकडं आणखी एक भानगड असते. एका बारीक माशीच्या अळ्या फुलाच्या बोंडातच वाढतात, म्हणून काही ठिकाणी बोंड काढून नुसत्या पाकळ्या वापरायची पद्धत होती. ही माशी आपल्याकडं नाही, एवढं एकच आपल्या बाजूनं.

आता कराराकडं येऊ. चाळीस हजार रोपं गुणिले बारा रुपये म्हणजे चार लाख ऐंशी हजार. एकरी. दोन एकरांचे नऊ लाख साठ हजार. ते आधी द्यायचे. फूल दुसऱ्या वर्षी. म्हणजे कंपनीचा धंदा पहिल्या दिवशी पुरा होतो आणि तुमचा दुसऱ्या वर्षी सुरू होतो. ज्या धंद्यात रोप विकणाराच माल घेणारा असतो, तिथं एकच गोष्ट बघायची, त्याचा पैसा कशातून येतोय. फुलातून येत असेल तर तो तुम्हाला रोप उधार देईल. तुमच्या पाठवलेल्या कागदात एक ओळ आहे : "माल कंपनीच्या गुणवत्ता निकषांनुसार स्वीकारला जाईल." निकष कुठले ते लिहिलेलं नाही. खरा औषध कारखाना असता तर त्यानं लिहिलं असतं. युरोपच्या औषधकोशात वाळलेल्या आर्निका फुलात सेस्क्विटर्पीन लॅक्टोन या घटकांचं प्रमाण किमान ०.४० टक्के असायला हवं, असा आकडाच दिलेला आहे. ज्याला माल घ्यायचाय त्याला हा आकडा तोंडपाठ असतो. फोन करून विचारा. अडखळला तर समजा.

इमू झाले, सफेद मुसळी झाली, कोंबड्या झाल्या. आपल्या कोल्हापूर-सांगली पट्ट्यात हे नाटक दर सात-आठ वर्षांनी नव्या पोस्टरनं लागतं. मुसळीच्या वेळी मीही अर्धा एकर लावली होती. बेणं सोन्याच्या भावानं घेतलं, काढणीला घेणाऱ्याचा फोन बंद. दोन पोती मुसळी घरात वाळवली, सोलली, आणि पाहुण्यांना वाटली. बायको अजून सणासुदीला आठवण काढते.

एजंटानं तुम्हाला आणखी एक गोष्ट सांगितली की "प्रत्येक मेडिकलमध्ये आर्निका थर्टी असते, म्हणजे मागणी बघा केवढी." हे गणित ऐकून मला खरंच हसू आलं. होमिओपॅथीत थर्टी म्हणजे काय, बघा. मूळ अर्काचा एक थेंब नव्याण्णव थेंबांत मिसळायचा, ही पहिली पायरी. त्यातला एक थेंब परत नव्याण्णवमध्ये, ही दुसरी. असं तीस वेळा. म्हणजे एकावर साठ शून्यं इतकं विरळ. बाराव्या पायरीच्या आसपासच मूळ वनस्पतीचा एखादा रेणू सापडायची शक्यता संपते. त्या गोळीनं गुण येतो की नाही, हा वाद मी इथं घालत नाही, तुमच्या वस्तादांचा विश्वास असेल तर असू दे. मी फक्त शेतकरी म्हणून बघतो. मूठभर फुलांच्या अर्कातून अख्ख्या जिल्ह्याला पुरतील एवढ्या बाटल्या निघत असतील, तर त्यासाठी पन्हाळ्यावर दोन एकर कशाला लागतील? फूल किलो-किलोनं लागतं ते मलम, जेल आणि केसांच्या तेलाला. आणि तो माल कारखाने युरोपच्या जुन्या पुरवठादारांकडून घेतात. बाजारात आर्निका म्हणून दुसरीच पिवळी फुलंही खपवली जातात. मेक्सिकोत 'आर्निका' नावानं एक वेगळंच झाड विकतात, आणि झेंडूचा भाऊ कॅलेंडुलाही तिच्यात मिसळला जातो.

तालमीतला प्रश्न आहे म्हणून औषधाचंही चार शब्दांत सांगतो. मुक्का मार, मुरगळणं यावर आर्निकाचा जेल लावायला हरकत नाही. हाताच्या सांधेदुखीच्या २०४ रुग्णांवरची एक चाचणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली होती. तिच्यात आर्निका जेल आणि आयबुप्रोफेनचा जेल जवळजवळ बरोबरीत उतरले. तो खऱ्या अर्काचा जेल होता, विरळ केलेली गोळी नव्हे. पण कातडी फाटली असेल, रक्त येत असेल तिथं लावू नका. आणि कुणी "फुलांचा काढा पी" म्हणालं तर त्याला हात जोडा. हिच्यातलं हेलेनालिन नावाचं द्रव्य पोटात गेलं तर ओकाऱ्यांपासून हृदयाच्या ठोक्यांपर्यंत गडबड करतं. ज्यांना शेवंती-झेंडूच्या कुळाची ॲलर्जी आहे त्यांच्या अंगावर पुरळ उठतं, तेही लक्षात ठेवा. केसांच्या तेलाबद्दल मला काही म्हणायचं नाही, माझ्या डोक्याकडं बघून कुणी विश्वास ठेवणार नाही.

मग त्या माळाचं करायचं काय?

पहिलं, माती तपासून घ्या. कृषी महाविद्यालयात किंवा जवळच्या माती परीक्षण केंद्रात, वीतभर खोलीची, रानातल्या आठ-दहा ठिकाणची एकत्र करून अर्धा किलो. सामू आणि सेंद्रिय कर्ब हे दोन आकडे मला कळवा, मग पुढचं नेमकं बोलता येईल. तोवर माझ्या डोक्यात दोन पिकं आहेत.

एक, आंबेहळद. तुमच्या घरात आर्निकाची बाटली यायच्या आधी मुक्का मारावर काय लावायचे, आजीला विचारा. आंबेहळद सहाणेवर उगाळून, रक्तचंदन घालून, कोमट लेप. कोल्हापूरच्या तालमीत तर मातीतच हळद, ताक, लिंबू, तेल मिसळतात. तीच परंपरा. आंबेहळद हलक्या तांबड्या, निचऱ्याच्या जमिनीत चांगली येते, आपल्या पावसावर वाढते, आणि जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे वाळवायला कडक कोरडी हवा असताना, काढणीला येते. इथं शेणखत टाकायला तुमचे हात मोकळे. भाव आधी काष्ठौषधींच्या दुकानदारांकडं आणि लोणचंवाल्यांकडं जाऊन विचारा. दोघांना लागते, दोघांचा दर वेगळा असतो.

दुसरं, थोड्या जागेत कॅलेंडुला, चार-पाच गुंठ्यांच्या वर नाही. हेही पिवळं-नारंगी फूल, कातडीच्या मलमात जाणारं, पण ह्याला आपला हिवाळा पुरतो. ऑक्टोबरात रोपं, नोव्हेंबरात लागण, जानेवारीपासून दर दोन-तीन दिवसांनी तोडा, सावलीत कापडावर वाळवण. पाण्याची थोडी सोय लागेल. घेणारा आधी शोधा, बी नंतर टाका. हे उलटं केलं तर काय होतं ते मुसळीत सांगितलंच. 'आर्निका' म्हणून मात्र कुणालाही विकू नका.

आणि माळाचा जो भाग नुसता कातळ आहे, त्यावर बाहेरची माती ओढून टाकू नका. तुमच्याच शेजारी मसाई पठारावर कवला, सोनकी, तेरडा अशाच उथळ, निकस मातीवर फुलतात. भराव पडला की तिथंही दांडगं गवत वर येतं आणि तीच गत होते, जी आर्निकाची युरोपात झाली. तिथं गुरं चारा, गवत कापा, बाकी हात लावू नका.

हौसेसाठी एकदा तरी आर्निका बघायचीच असेल, तर परवानाधारक आयातदाराकडून ताज्या बियांचं एक पाकीट घ्या. दोन कुंड्या, जांभ्याची माती आणि वाळू, खत शून्य, उत्तरेची खिडकी. पानांचे घेर बघायला मिळतील. फुलासाठी कुंडी तीन महिने फ्रिजमध्ये ठेवून बघता येईल, पण त्याला आधी घरातल्यांची परवानगी काढा. मला मिळाली नव्हती.

एजंट पुढच्या आठवड्यात सही घ्यायला येणार म्हणता. आला तर चहा पाजा आणि एकच अट घाला : कंपनीनं पहिल्या वर्षी दहा गुंठ्यांवर स्वतःच्या रोपांनी, स्वतःच्या खर्चानं लागण करावी. जमीन आणि पाणी तुमचं. दुसऱ्या वर्षी फूल आलं तर उरलेल्या माळाचे पैसे लगेच. काय म्हणतो ते मला कळवा. आंबेहळदीचं बेणं मात्र एप्रिलमध्येच सांगून ठेवा, मे उजाडला की चांगले कंद संपतात.